दोन्ही गाड्या रिव्हर्स घेताना धडकल्या, तर चूक कोणाची?

शेवंती

पार्किंगमध्ये समोरासमोरच्या रांगांतून दोन गाड्या एकाच वेळी मागे आल्या आणि मधल्या लेनमध्ये एकमेकींना लागल्या, की विमा कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: दोघंही रिव्हर्स होतात, चूक अर्धी-अर्धी. माझ्या बहिणीला सध्या हेच ऐकवलं जातंय आणि मला ते अजिबात पटत नाहीये.

तिची गाडी स्लॉटमधून बरीचशी बाहेर आली होती. पलीकडच्या रांगेत, अगदी समोर नाही पण तिरक्या बाजूला, एका मोठ्या गाडीचे रिव्हर्सचे पांढरे दिवे तिला दिसले. तिने ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला. ती गाडी येतच राहिली आणि तिच्या मागच्या बंपरचा कोपरा बहिणीच्या मागच्या डाव्या दारावर बसला.

त्या गाडीचे चालक म्हणतात, "त्यासुद्धा रिव्हर्सच येत होत्या." हे खोटं नाही. ती रिव्हर्स येत होती, पण धडक बसली तेव्हा उभी होती. हा फरक कुठे मोजला जातो की नाही? सुदैवाने कोणाला लागलेलं नाही, दोन्ही गाड्या चालू आहेत. पण न केलेली चूक कागदावर नावाने बसली की पुढच्या नूतनीकरणाला नो क्लेम बोनस जाऊ शकतो, शिवाय ती नोंद वर्षानुवर्षं मागे राहते. विमा, कायदा किंवा सर्वे यातलं कोणाला माहीत असेल तर कृपया सविस्तर लिहा.

गियरबदल

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मला अर्धी-अर्धी बरोबर वाटते. रिव्हर्स घेणाऱ्यावर जबाबदारी जास्त असते, आणि इथे दोघंही रिव्हर्स घेत होते. शेवटच्या क्षणी ब्रेक दाबला म्हणून एकदम निर्दोष कसं होता येईल? तुमच्या बहिणीने गाडी मधल्या लेनमध्ये आणून उभी केली, म्हणजे दुसऱ्याच्या वाटेत अडथळा तिनेच आणला. शिवाय "मी थांबले होते" हे अशा प्रत्येक भांडणात दोन्ही बाजू म्हणतात.

कलमवाचक

गियरबदल यांचं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि अर्धी-अर्धी वाटणी बहुतेक वेळा तिथूनच येते. दोघंही म्हणतात मी उभा होतो, पुरावा कोणाकडेच नाही, मग फाईल बंद करायला निम्मं-निम्मं. बहुतेक देशांच्या कायद्यात अशी वाटणी लिहून ठेवलेली नाही. लिहिलेलं असतं ते इतकंच, की जागची गाडी हलवणाऱ्याने आणि मागे घेणाऱ्याने इतरांना धोका नाही याची आधी खात्री करावी. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ता वाहतूक करारात, कलम १४ मध्ये, याच आशयाची तरतूद आहे.

एक ठळक अपवाद कॅनडातल्या ओंटारियो प्रांताचा. तिथे रेग्युलेशन ६६८ नावाचे दोष ठरवण्याचे नियमच आहेत आणि विमा कंपन्यांना ते पाळावे लागतात. कलम १९ सांगतं, की रिव्हर्स घेणारी गाडी १०० टक्के दोषी, दुसरी शून्य. आता दोन्ही गाड्या रिव्हर्समध्ये असतील तर तोच नियम दोन्हीकडून लागू होतो. एका बाजूने पाहिलं तर तुम्ही १००, दुसऱ्या बाजूने शून्य. अशा वेळेसाठी कलम ४ म्हणतं, ५० टक्के धरा. म्हणजे तिथली अर्धी-अर्धी नियमांच्या गणितातून येते. त्याच नियमावलीचं कलम ३ आणखी पुढे जातं: हवामान कसं होतं, दिसत किती होतं, धडक गाडीच्या कुठल्या भागावर बसली, हे दोष ठरवताना बघायचंच नाही. तिथे दाराच्या पोच्याचे फोटो दाखवून काही मिळत नाही. पण बहिणीची गाडी उभी होती हे सिद्ध झालं तर रिव्हर्समध्ये एकच गाडी उरते, आणि ५० चा आकडा शून्यावर येतो.

दुसरं उदाहरण जर्मनीचं, आणि ते या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. १५ डिसेंबर २०१५ रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, बुंडेसगेरिख्ट्सहोफने, पार्किंगमध्ये रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांच्या धडकेवर निकाल दिला. तोपर्यंत सर्वसाधारण समज असा होता की रिव्हर्स घेताना धडक झाली म्हणजे रिव्हर्स घेणाऱ्याची चूक प्रथमदर्शनी दिसतेच. न्यायालयाने म्हटलं, की धडकेच्या वेळी गाडी आधीच उभी असण्याची शक्यता नाकारता येत नसेल, तर त्या चालकाविरुद्ध हे गृहीतक वापरता येणार नाही. यामागचं कारण मला फार पटतं. वाहत्या रस्त्यावर कोणी मधेच रिव्हर्स येईल अशी अपेक्षा नसते. पार्किंगमध्ये मात्र कुठूनही, कधीही गाडी मागे येऊ शकते. म्हणून तिथे प्रत्येकाने केव्हाही थांबता येईल अशाच बेताने गाडी चालवायची असते. जो वेळेत थांबला त्याने नेमकं हेच कर्तव्य पार पाडलं. मग त्यालाच दोषी कसं धरणार?

गियरबदल, तुमच्या "शेवटच्या क्षणी ब्रेक" या मुद्द्याचं उत्तर माझ्या मते इथे मिळतं. जर्मनीतही उभ्या गाडीच्या मालकावर, गाडी वापरात असण्याचा जो मूळ धोका मानतात त्यापोटी, थोडा वाटा येऊ शकतो. पण "दोघंही रिव्हर्स होते, विषय संपला" असं म्हणता येत नाही.

जुना सर्वेअर

मोटार क्लेमचे सर्वे करण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली, म्हणून त्या बाजूने लिहितो.

आधी एक गैरसमज. लोक पोच्याचे फोटो काढून आणतात आणि म्हणतात, बघा, किती जोरात मारली. निव्वळ पोचा पाहून कोणती गाडी चालत होती ते कळत नाही. चालती गाडी उभ्या गाडीला ताशी ६ किलोमीटरने लागली, किंवा दोन्ही गाड्या ताशी ३ किलोमीटरने एकमेकींकडे आल्या, तरी पत्रा जवळपास सारखाच दबतो. दबणं ठरतं ते दोघींच्या एकमेकींकडे येण्याच्या वेगावर. त्यामुळे बंपरला बंपर सरळ लागला असेल तर सर्वेअरला फार काही सांगता येत नाही, आणि अशा केसमध्ये निम्मं-निम्मं होण्याचा संभव जास्त.

तुमच्या बहिणीची केस वेगळी आहे, कारण धडक दारावर आहे. तिथे ओरखडे बोलतात. तिची गाडी मागे सरकत असताना बंपरचा कोपरा लागला असता, तर ओरखडा दारावर आडवा, मागून पुढे ओढत गेला असता. गाडी उभी असेल तर खड्डा एकाच जागी, आटोपशीर बसतो आणि त्याच्या बाजूला फारशी लांब रेघ नसते. रेघ असलीच तर रंगाचे कण कोणत्या टोकाला गोळा झालेत ते भिंगातून पाहायचं. कण पुढे ढकलले जातात, त्यावरून घासण्याची दिशा कळते. यात एक खबरदारी आहे. समोरची गाडी स्टिअरिंग फिरवत येत असेल तर तिच्या कोपऱ्याच्या फिरण्यामुळेही आडवी रेघ उमटते. तेव्हा एकट्या रेघेवरून निकाल देऊ नये, त्या समोरच्या गाडीच्या बंपरवरच्या खुणेशी ती जुळवून पाहावी.

मागचं चाक किंवा चाकाची रिम घासली गेली असेल तर मात्र नशीबच. फिरत्या चाकावर घासल्याची खूण वळणदार येते, थांबलेल्या चाकावर सरळ. रिमचा फोटो अगदी जवळून काढा. लोक दार दुरुस्तीला देतात आणि रिम पुसून टाकतात.

सर्वांत मोलाचे असतात ते गाड्या हलवण्याआधीचे फोटो. पोच्याचे नव्हेत, लांबून घेतलेले. जमिनीवरच्या पांढऱ्या पट्ट्या, खांब, चारही चाकं आणि दोन्ही गाड्या एका चौकटीत आल्या पाहिजेत. चाकं कुठे वळलेली आहेत, कोणाची किती गाडी स्लॉटच्या बाहेर आहे, हे त्यावरून मोजता येतं. प्रत्यक्षात वाहतूक अडते म्हणून दोघंही घाईने गाड्या पुन्हा स्लॉटमध्ये घालतात, आणि त्याबरोबर अर्धा पुरावा जातो.

शेवंती

सर्वेअर काका, मनापासून धन्यवाद. रिम पाहायला सांगते. गाड्या हलवण्याआधीचे फोटो दोन आहेत, पण दोन्ही जवळून घेतलेले. बहिणीच्या गाडीत डॅशकॅम आहे, पण फक्त पुढचा. धडक मागच्या बाजूला झाली, म्हणून त्याचा उपयोग नाही असं समजून तिने कंपनीला तो दाखवलेलाच नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरमधून वेग काढता येतो असं एकाने सांगितलं. ते खरं आहे का?

जुना सर्वेअर

तो पुढचा डॅशकॅम आजच्या आज पाहा! मेमरी कार्ड गाडीतून काढून ठेवा, कारण कार्ड भरलं की जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावरच नवीन सुरू होतं.

आपल्याला दुसरी गाडी दिसायची गरजच नाही. आपली गाडी उभी होती एवढंच दाखवायचं आहे. गाडी मागे जात असते तेव्हा पुढच्या कॅमेऱ्यात समोरचा स्लॉट, भिंत, पट्ट्या दूर जाताना दिसतात. गाडी थांबली की चित्र स्थिर होतं. मग धक्का बसतो आणि चित्र हलतं. चित्र स्थिर, हॉर्नचा आवाज, त्यानंतर धक्का, असा क्रम मिळाला तर तुमचं म्हणणं जवळजवळ सिद्धच झालं. चित्र मागे सरकत असतानाच धक्का आला असेल तर तेही मान्य करावं लागेल.

पडद्यावर जीपीएसचा वेग येत असेल तर त्यावर विसंबू नका. इतक्या कमी वेगात तो आकडा उशिरा बदलतो आणि चुकतोही. जमिनीवरची पट्टी किंवा खांब धरून बोला. व्हॉट्सअ‍ॅपवरून कापलेली क्लिप पाठवू नका, मूळ फाईल जशीच्या तशी द्या.

कॉम्प्युटरबद्दल: एअरबॅगच्या यंत्रणेत अपघाताची नोंद ठेवणारा भाग असतो हे खरं. पण तो मोठ्या धक्क्यासाठी आहे. अमेरिकेतल्या नियमात नोंद कायम करण्याची किमान मर्यादा आहे १५० मिलिसेकंदांत वेगात ताशी ८ किलोमीटरचा फरक. पार्किंगमधली ठोकर बहुधा त्याच्या खालीच राहते, त्यामुळे तिथे काही सापडेल अशी आशा धरू नका.

कोनमापक

हे अपघात चांगल्या चालकांच्या हातूनही का होतात ते आकड्यांत मांडून पाहिलं.

मधली लेन साधारण ६ मीटर रुंद धरू. चालकाच्या डोळ्यांपासून मागच्या बंपरपर्यंतचं अंतर ढोबळमानाने अडीच मीटर. शेजारी उंच गाड्या असतील तर डोळे त्यांच्या मागच्या टोकाच्या पुढे येईपर्यंत लेनमध्ये आडवं काही दिसत नाही. म्हणजे चालकाला पहिल्यांदा नीट दिसतं तेव्हा त्याची गाडी आधीच अडीच मीटर लेनमध्ये आलेली असते. पलीकडून तिरक्या स्लॉटमधून येणाऱ्याचंही तसंच. अडीच आणि अडीच पाच. दोघांच्या मध्ये उरतो एक मीटर.

दोघंही ताशी ५ किलोमीटरने येत असतील तर एकत्रित वेग सेकंदाला सुमारे २.८ मीटर. एक मीटर संपायला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो. माणसाला दिसल्यापासून ब्रेकवर पाय दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. याचा अर्थ असा, की दोघंही एकाच वेळी, एकाच वेगाने निघाले तर दिसल्यावर थांबणं कोणालाच शक्य नाही. अशा केसमध्ये अर्धी-अर्धी मला न्याय्य वाटते.

पण शेवंतीताईंच्या बहिणीने दिवे पाहिले, ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला आणि तरीही दुसरी गाडी येत राहिली. एवढं सगळं व्हायला दोन-तीन सेकंद तरी हवेत. तेवढ्या वेळात समोरच्या गाडीने दोन-तीन मीटर अंतर कापलं असणार. म्हणजे ती गाडी निघाली तेव्हा बहिणीची गाडी लेनमध्ये आलेली होती. कोण आधी बाहेर आलं हा मुद्दा मला कोण उभं होतं याच्या बरोबरीचा वाटतो.

पिंपळपान

धागा वाचतोय, फार माहितीपूर्ण. एक शंका: पार्किंग खाजगी जागेत असेल तर तिथे वाहतुकीचे नियम लागू होतात का? आमच्या ओळखीच्या एकाला पोलिसांनी सांगितलं, खाजगी जागा आहे, तुमचं तुम्ही बघा.

कलमवाचक

पोलीस दंडाची पावती फाडत नाहीत म्हणून नुकसानभरपाईची जबाबदारी संपत नाही. निष्काळजीपणाचा दिवाणी दावा जागा कोणाच्या मालकीची आहे यावर अडत नाही. शिवाय वाहतूक कायद्यातली सार्वजनिक जागेची व्याख्या मालकीपेक्षा वापराकडे पाहते. भारतातल्या मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये, कलम २(३४) नुसार, जिथे लोकांना प्रवेशाचा हक्क आहे अशी जागाही त्यात येते, मग ती वहिवाटीचा रस्ता असो वा नसो.

पोलीस आले तर घटनेची नोंद तरी करून घ्या. वेळ, जागा आणि दोन्ही गाड्यांचे क्रमांक एका त्रयस्थ कागदावर येतात, आणि पुढे कोणी "मी तिथे नव्हतोच" म्हणू शकत नाही.

एक गोष्ट मघाशी लिहायची राहिली. अर्धी-अर्धीचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. इंग्लंडमध्ये १९४५ च्या कायद्यापासून स्वतःच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी होते, म्हणजे निम्मी चूक तर निम्मी भरपाई. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये एका निकालातून हीच पद्धत स्वीकारली. पण अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया या राज्यांत अजून जुना नियम आहे: तुमची थोडीशीही चूक ठरली तर समोरच्याकडून काहीच मिळत नाही. तिथे अर्धी-अर्धी मान्य करणं म्हणजे हक्कावर पाणी सोडणं. म्हणून आधी आपल्या ठिकाणी कोणती पद्धत आहे ते पाहावं, मगच कशावरही सही करावी.

शांतचाक

मी गाडी शिकवते. वरचं गणित मी रोज डोळ्यांनी पाहते.

शिकणारी माणसं निघताना एकदा मागे बघतात, लेन मोकळी दिसते, आणि मग पूर्ण रिव्हर्स त्या एका नजरेच्या भरवशावर घेतात. नंतर लक्ष असतं कॅमेऱ्याच्या पडद्यावर किंवा शेजारच्या गाडीला पुढचा कोपरा लागू नये यावर. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये नियम २०२ सांगतो, की रिव्हर्स घेताना मुख्यतः मागच्या काचेतून बघा, सगळे आरसे वापरा, आणि वळवायला सुरुवात करण्याआधी पुन्हा सभोवार पाहा. यातला "पुन्हा" महत्त्वाचा. पहिल्या नजरेनंतर लेन बदललेली असते.

कॅमेरा उपयोगी आहेच. अमेरिकेत मे २०१८ पासून सगळ्या नवीन हलक्या गाड्यांना तो सक्तीचा झाला, भारतात जुलै २०१९ पासून नवीन मोटारींना मागचे सेन्सर. पण कॅमेरा नीट दाखवतो ते सरळ मागचं. बाजूने तिरकी येणारी गाडी त्यात उशिरा शिरते. सेन्सर तर जवळ आल्यावरच वाजतो.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच पद्धत लावते. शेजारच्या गाड्यांच्या टोकापर्यंत गोगलगायीसारखं यायचं, तिथे पूर्ण थांबायचं, दोन्हीकडे मान वळवून पाहायचं आणि मगच पुढची हालचाल. पलीकडे कोणाचे पांढरे दिवे लागलेले दिसले तर त्याला आधी जाऊ द्यायचं. जमेल तिथे स्लॉटमध्येच गाडी रिव्हर्स लावायची, म्हणजे निघताना तोंड लेनकडे असतं आणि सगळं समोर दिसतं.

पांढऱ्या दिव्यांवरून आठवलं. पांढरा दिवा लागला म्हणजे गाडी चालत होती असं होत नाही, फक्त गियर रिव्हर्समध्ये आहे. बहिणीच्या गाडीचाही दिवा लागलेलाच असणार, आणि समोरचे चालक तेवढ्यावरून "रिव्हर्स येत होत्या" म्हणत असतील. त्याच वेळी ब्रेकचे लाल दिवेही लागलेले असतील. कुठल्या सीसीटीव्हीत गाडी मागून दिसत असेल तर ते लाल दिवे शोधा.

गियरबदल

पुढच्या कॅमेऱ्याचा मुद्दा आणि जर्मनीचा निकाल, दोन्ही माझ्यासाठी नवीन होते. उभी गाडी सिद्ध झाली तर निम्मा दोष देणं अन्यायाचं, हे मान्य करतो.

तरी एक आक्षेप राहतो. समजा एकाने लेनमध्ये न बघता भस्सकन गाडी आणली, दुसऱ्याच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबवली, आणि पुढच्या क्षणी धडक झाली. तांत्रिकदृष्ट्या तो उभा होता. त्याला शून्य दोष?

कलमवाचक

नाही, आणि तसं कोणी म्हणूही नये. उभं असणं हा मोठा मुद्दा आहे, एकमेव नाही. विचारायचा प्रश्न असा, की धडक टाळण्याची खरी संधी शेवटी कोणाकडे होती.

इंग्लंडमध्ये १८४२ चा डेव्हिस विरुद्ध मॅन हा खटला यासाठी प्रसिद्ध आहे. एकाने गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला रस्त्यावर चरायला सोडलं होतं. दुसऱ्याची घोडागाडी वेगाने आली आणि गाढव तिच्याखाली मेलं. गाढव तिथे सोडणं चुकीचंच, तरी भरपाई गाढवाच्या मालकाला मिळाली, कारण घोडागाडीवाल्याला जरा सावध राहून ते टाळता आलं असतं. पुढे बऱ्याच देशांत टक्केवारीने वाटणी आली आणि या नियमाची गरज कमी झाली, पण विचार तोच राहिला.

तुमच्या उदाहरणात हातभर अंतरावर अचानक आलेल्या गाडीने दुसऱ्याला संधीच ठेवली नाही. कोनमापक यांचं गणित तिथे थांबलेल्याच्या विरुद्ध जातं, आणि जायलाच हवं. शेवंतीताईंच्या बहिणीकडे हॉर्न आहे, हॉर्ननंतरचा वेळ आहे. दोन्हींना एकच आकडा लावणं चूक.

शेवंती

डॅशकॅमची फाईल पाहिली. समोरच्या स्लॉटच्या पट्ट्या मागे-मागे जातात, थांबतात, हॉर्न दोनदा ऐकू येतो, आणि त्यानंतर धक्का. ताई तर रडायलाच लागली, कारण आपणच चुकीचं आठवतोय की काय अशी शंका तिला यायला लागली होती. रिमवर खूण नाही. दारावरचा खड्डा एका जागी आहे, बाजूला बोटभर रेघ.

मूळ फाईल कंपनीला दिली. त्यांनी फेरविचार करू म्हटलंय आणि नव्याने लेखी जबाब मागितलाय. पहिल्या जबाबात तिने घाईत लिहिलं होतं, "मी गाडी रिव्हर्स घेत असताना मागून धडक बसली." आता काय लिहावं? आणि पार्किंगवाले सीसीटीव्ही द्यायला तयार नाहीत. म्हणतात, फक्त पोलिसांना देतो.

जुना सर्वेअर

पहिला जबाब खोडून काढायला जाऊ नका. त्यात खोटं काही नाही, ते अपुरं आहे. "पूर्वीच्या जबाबात तपशील आला नव्हता, तो देत आहे" अशी सुरुवात करा आणि घटना क्रमाने लिहा. स्लॉटमधून किती बाहेर आले, कोणत्या खांबासमोर होते, काय दिसलं, कुठे थांबले, हॉर्न दिला, नंतर धक्का. "समोरच्याची चूक आहे" असा निष्कर्ष लिहू नका, तो त्यांनाच काढू द्या. सेकंद आठवणीने लिहू नका. फाईलमध्ये जी वेळ दिसते ती "फाईलमधील वेळेनुसार" म्हणून द्या. एका कागदावर हाताने नकाशा काढा, त्यात दोन्ही गाड्या आणि चाकांची दिशा दाखवा. हेच सगळं समोरच्या विमा कंपनीलाही पाठवा, कारण दोष दोन्ही फाईलींत ठरतो आणि कधीकधी वेगवेगळा ठरतो.

सीसीटीव्हीबद्दल आत्ता वाद घालू नका. रेकॉर्डिंग द्या असं न मागता जपून ठेवा असं लेखी कळवा: तारीख, वेळ, कोणता मजला, कोणता कॅमेरा. अर्जाची पोच घ्या किंवा ईमेल करा. ठरावीक दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं, म्हणून पहिली गरज आहे ते थांबवण्याची. जपून ठेवलेलं रेकॉर्डिंग नंतर विमा कंपनी, पोलीस किंवा कोर्ट मागवू शकतं.

पिंपळपान

जाता जाता अजून एक. एकच गाडी रिव्हर्स येत असेल आणि दुसरी लेनमधून सरळ, पण उलट्या दिशेने किंवा जोरात आली असेल तर?

कलमवाचक

सुरुवात रिव्हर्सवाल्याच्या विरुद्ध होते. ओंटारियोच्या त्याच नियमांत, कलम १६ मध्ये, स्लॉटमधून निघताना लेनमधल्या गाडीला वाट न देणारा १०० टक्के दोषी धरलाय. टक्केवारीने वाटणी करणाऱ्या ठिकाणी मात्र लेनमधल्या चालकाचा वेग आणि दिशा धरली जाते. बाणाच्या उलट आलेल्या गाडीकडे रिव्हर्सवाल्याने पाहिलंच पाहिजे, पण ती तिकडून येईल अशी अपेक्षा त्याच्याकडून कमी असते. अशा वेळी जमिनीवरच्या बाणाचा फोटो काढून ठेवा. बाण पुसट झाला असेल तर तोही जसा आहे तसा काढा.